सावित्रीकाकीची विहीर आणि आमची लाल भाजी

देवबाग, खाडीकडची वाडी.
पौष महिना. (तिथी बघायला उठलो तर पुन्हा बसणार नाही, म्हणून महिन्यावर भागव.)

श्री. बाबू सारंग, मुक्काम शिरोडा, यांच्या पायाशी विश्राम चोपडेकराचा वाकून नमस्कार. वाकणं खरंखुरं आहे, कारण वाफ्यांना पाणी घालून घालून कंबर हल्ली सरळच होत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींची साखर कुठवर आली? तू अजून नारळावर चढतोस असं ऐकलं. चढायला हरकत नाही, पण वहिनी घरात असताना चढ, म्हणजे कोणीतरी ओरडेल. आम्ही दोघं खुशाल आहोत. म्हणजे शेवंती खुशाल आहे आणि मी इकडून तिकडे आहे.

बाबू, तुझे निरोप पोचले. एक देवेशच्या फोनवर, एक सुक्या मासळीच्या टेम्पोवाल्याकडून, आणि एक अशा माणसाकडून ज्याला मी ओळखतच नाही. वास्कोच्या एजंटाला जहाजं ओढायच्या टगवर दोन जुनी माणसं हवी आहेत, शिमग्यापर्यंतचं काम आहे, येतोस की नाही ते एका शब्दात कळव, असं तू म्हणतोस. तर एका शब्दात उत्तर, नाही. आता हे ‘नाही’ आलं कुठून ते सांगायला मात्र कागद लागणार. फोनच केला असता, पण माझा फोन सावित्रीकाकीच्या विहिरीत आहे, तो तिथे कसा गेला ते ओघात येईलच. पत्र पुस्तकी मराठीत लिहितोय म्हणून हसू नकोस. आपल्या मालवणीत लिहायला बसलो की शिवी घातल्याशिवाय माझं वाक्य पुरं होत नाही, आणि हे पत्र वहिनी मोठ्याने वाचून दाखवणार हे मला माहीत आहे.

तुला आठवत असेल, जहाजावर मला कोणी कधी अस्वस्थ म्हटलं नाही. डेकवर सतत चालणाऱ्या माणसाला कामसू म्हणतात. तेच पाय घरी आणले की माणसं डॉक्टरचं नाव सुचवतात. ओटीवरून फाटकापर्यंत, फाटकापासून माडापर्यंत, माडापासून परत ओटीवर, अशी माझी पायवाट पडली आहे आणि तिच्यावर आता गवत उगवत नाही. (आईबापांनी नाव विश्राम ठेवलं. बिचाऱ्यांना काय कल्पना.) अंथरूण हलत नाही म्हणून झोप लागत नाही, आणि लागलीच तर पहाटे उठून घर नीट बांधलंय का ते बघून येतो. जहाजावर काम नसलं की आपण काय करायचो? गंज खरवडायचो आणि रंग मारायचो. मीही तेच केलं. खिडक्यांचे गज रंगवले, फाटक रंगवलं, कोंबड्यांचं खुराडं रंगवलं, आणि डब्यात लाल रंग उरला म्हणून शेवंतीचा वाटणाचा रगडा रंगवला. बाहेरून, बरं का. पण रगडा ओला होता, रंग कच्चा होता, आणि त्या दिवशी सोलकढी न करताच आमच्या सगळ्या जेवणाला सोलकढीचा रंग आला.

शेवंती चिडली नाही. तिने रगडा अंगणात आणून ठेवला आणि शांतपणे म्हणाली, “तुमी घरात आसात काय डेकार, ता एकदा ठरवा. आणि ठरत नसात तर भायर जावन खंयतरी खणा.” ती बोलली ते टोमणा म्हणून, पण मी ते हुकूम म्हणून घेतलं. हुकूम झाला की पाळायचा हे तूच मला शिकवलंस, तेव्हा पुढच्या सगळ्याला थोडाफार तूही जबाबदार आहेस.

आमच्या वाडीच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. ती गावदेवीची, म्हणजे कुणाचीच नाही, म्हणून सगळ्यांनी तिथे कचरा टाकायचा असा रिवाज. भोवताली चार घरं. एक आमचं. दुसरं सावित्रीकाकीचं. ती एकटी असते, वय विचारलं तर तिला राग येतो आणि सांगितलं तर आपल्याला खरं वाटत नाही. तिसरं देवेशचं, जो पर्यटकांना खोल्या देतो, डॉल्फिन दाखवतो आणि पाण्यावरून ओढत नेऊन आपटतो, आणि या आपटण्याचे लोक त्याला पैसे देतात. चौथ्या घरात प्राजक्ता नावाची पुण्याची बाई भाड्याने राहते. ती दिवसभर संगणकासमोर बसून परदेशातल्या लोकांशी बोलते. दर्याकाठी राहून मासे खात नाही, म्हणून सुरुवातीला वाडीत तिच्याविषयी बरेच तर्क झाले. (हिला काहीतरी नवस आहे, यावर शेवटी एकमत झालं.) चार घरं, पण एकमेकांच्या अंगणात पाय ठेवायची वेळ नाही. मधल्या जागेत नारळाची सोडणं, देवेशची फुटकी लाइफ जॅकेटं, प्राजक्ताचे पुठ्ठ्याचे खोके. तिथे मी कुदळ मारली.

खड्डा गुडघाभर झाला नसेल तोच सावित्रीकाकी कुंपणाशी येऊन उभी राहिली. तिला वाटलं, देवेशसाठी मी आणखी एक बोअर मारतोय. पाठोपाठ देवेश आला. त्याला वाटलं, मी संडास बांधतोय, म्हणजे आता मीही पर्यटक ठेवणार. शेवटी प्राजक्ता धावत आली, अनवाणी, आणि खड्ड्यासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली, कारण तिला वाटलं मी कासवाची अंडी उकरतोय. “काका, हा गुन्हा आहे,” ती म्हणाली. मी म्हटलं, “बाई, मी लाल भाजी लावतोय.” तिघांचाही विश्वास बसला नाही. मग तिघंही तिथेच थांबली, माझं खरं काय ते उघडकीला येईपर्यंत. अशी ही आमची सार्वजनिक बाग सुरू झाली, संशयातून. नंतर ज्याला त्याला दुसऱ्यावर नजर ठेवायची होती, म्हणून जो तो आपला वाफा आखून बसला. मुळा, वाल, वांगी, मिरच्या, लाल भाजी (प्राजक्ताच्या भाषेत लाल माठ). प्राजक्ताने एक हिरवं पान लावलं, त्याचं नाव मला अजून येत नाही, पण बकऱ्यासुद्धा ते खात नाहीत.

(उठलो होतो. वाफे बघून आलो. सगळं जागच्या जागी आहे.)

जागा देवीची म्हटल्यावर देवीला विचारल्याशिवाय बी टाकायचं नाही, असं काकीने बजावलं. म्हणून गावातल्या मानकऱ्यांना बोलावून गाऱ्हाणं घातलं. त्यांनी हात जोडून आवाज लावला, “बा देवा म्हाराजा, आज ही चार घरां तुझ्या जाग्यात भाजी लावतत, तेंका यश दी म्हाराजा.” आम्ही सगळे म्हणालो, “व्हय म्हाराजा.” मग ते म्हणाले, “ही चार घरां एकमेकाचा तोंड बघनत नाय, तेंका एका बांधार हाड म्हाराजा.” एका बांधावर यायचं म्हटल्यावर ‘व्हय म्हाराजा’ जरा पुटपुटत आलं, आणि देवेश व काकी यांच्याकडून आलंच नाही. मग मानकरी माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “आणि ह्या विश्रामाचो पाय एका जाग्यार रवांदे म्हाराजा.” बाबू, त्यावर जो गजर झाला तो खाडीपलीकडे ऐकू गेला असेल. शेवंतीचा आवाज सगळ्यांत वर होता.

पहिलं पेरलेलं मेलं. देवेशने उदार मनाने आपल्या बोअरचा पाइप लावून दिला होता. आपल्या या पट्टीत समुद्र एका बाजूला आणि खाडी दुसऱ्या बाजूला, जास्त पाणी उपसलं की जमिनीखालून खारं पाणी आत येतं, हे पोरगंही सांगेल. अंकुर उगवले, दिसले, आणि विस्तवाजवळ धरल्यासारखे करपले. तेव्हा सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या आणि लगेच परत फिरल्या. कारण वाडीत गोडं पाणी राहिलं होतं ते फक्त सावित्रीकाकीच्या विहिरीला, आणि त्या विहिरीवर लोखंडी जाळी, जाळीला कुलूप. देवेशने पहिल्यांदा बोअर मारली त्या उन्हाळ्यात तिच्या विहिरीचं पाणी खारट झालं होतं. पावसाळ्यानंतर ते पुन्हा गोडं झालं, पण काकीचं मन तसंच राहिलं. तेव्हापासून ती देवेशशी बोलत नव्हती. देवेश तिच्यासमोरून गेला तर ती आपल्या कोंबड्यांशी बोलायची, आणि ते ऐकून कोंबड्यासुद्धा खाली माना घालायच्या.

पाणी मागायला मी गेलो. काय काय बोलायचं ते मी आदल्या दिवशी पाठ केलं होतं. सहजीवन, पाण्याचा हक्क, देवीची जमीन, असं बरंच होतं. काकीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुका तान लागली आसा तर पाणी पी, आणि घराक जा.” मी पाणी प्यालो आणि घरी आलो. मग शेवंती गेली. ती बरोबर चिंच घेऊन गेली आणि दोघी चिंच फोडत बसल्या. पाण्याचा विषय निघाला की नाही तेसुद्धा मला माहीत नाही. संध्याकाळी येताना शेवंतीने काकीच्या अटी आणल्या. पंप लागणार नाही. रहाटाने ओढायचं. प्रत्येक घराने आपापली पाळी धरायची, आणि देवेशने स्वतः यायचं, त्याची कामाची माणसं चालणार नाहीत.

पहिल्याच दिवशी मी काठावर वाकून देवेशला रहाट कसा ओढायचा ते समजावत होतो, तेव्हा खिशातला फोन आत पडला. पडताना वाजत होता. तुझाच असावा. बुडेपर्यंत वाजला. काकीने आत डोकावून विचारलं, “तळाक कोण बोलवता?” आता तो काढायचा तर आत उतरून गाळ ढवळावा लागेल आणि पाणी बिघडेल, म्हणून उन्हाळ्यात विहीर उपसेपर्यंत फोन तिथेच राहणार असा निर्णय झाला आहे. त्यात माझं मत कोणी घेतलं नाही.

तर सकाळची ही पाण्याची वेळ म्हणजे एक सोहळाच होऊन बसला. काकी पायरीवर, देवेश रहाटाशी, आणि दोघांचं बोलणं बंद, तेव्हा मधे कुणीतरी हवं. ते काम प्राजक्ताकडे आलं. काकी देवेशच्या देखत तिला मालवणीत सांगायची, ती तेच देवेशला शुद्ध पुणेरीत सांगायची, आणि जन्माने देवबागचा असलेला देवेश ते समजल्यासारखी मान हलवून मालवणीत उत्तर द्यायचा, की ती पुन्हा काकीला पुणेरीत. हे कितीतरी दिवस चाललं आणि एकालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही. एकदा देवेशने दोरी सैल सोडली आणि कळशी आत आपटली. काकी प्राजक्ताला म्हणाली, “सांग त्येका, मेल्याक रशी कशी धरूची ती पण कळणा नाय.” आता आपल्याकडे ‘मेल्या’ हे लाडाने म्हणतात, रागाने म्हणतात, जेवायला वाढतानाही म्हणतात. प्राजक्ताला ते कुठे ठाऊक? तिचा चेहरा पडला. ती हळू आवाजात म्हणाली, “देवेश, काकी म्हणतात, जे गेले, त्यांना दोरी कशी धरायची ते कळत नव्हतं.”

गेले म्हणजे कोण, हे सांगायला नको होतं. काकीचे यजमान, आप्पा. ती विहीर त्यांनीच भावांना घेऊन खणलेली. देवेश कळशी अर्ध्यावर धरून तसाच उभा राहिला. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. विहिरीत बघत म्हणाला, “आप्पांका कळत होता. होडयेची गाठ मारूक माका तेंनीच शिकवलेली.” हे तो प्राजक्ताला सांगत नव्हता आणि प्राजक्तानेही ते पुढे सांगितलं नाही. रहाट थांबला होता, त्यामुळे कळशीतून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं. मग काकी उठली, रहाटाशी गेली, आणि बोअर मारल्यापासून पहिल्यांदा देवेशच्या तोंडाकडे बघून बोलली. “वायच खाली धर. हात सोलतलो.” आणि थोड्या वेळाने, “आता ओढ. बघतस काय माझ्याकडे.” प्राजक्ता नंतर शेवंतीला विचारत होती, माझं काही चुकलं का. शेवंतीने तिला ताटलीत घावणे वाढून दिले.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी लिहिलं असतं, पण खत बाकी होतं. मी मासळीची डोकी आणि काटे आणून वाफ्यात घातले, आणि वाळू कमी ओढली. नेमका तो वाफा प्राजक्ताच्या खिडकीखाली. दुपारपर्यंत देवबागातली एकूण एक मांजरं तिथे हजर. तिची परदेशी लोकांशी बैठक चालू होती. मागे मांजरांची भांडणं, पुढे नाकाला पदर लावलेली प्राजक्ता. तिकडचा एक साहेब म्हणे तिला विचारत होता, तुम्ही सुरक्षित आहात ना? देवेशचे पर्यटकही नाक दाबून निघून गेले. मग चौघांची सभा माझ्याविरुद्ध भरली. (चौघांत शेवंती धरली आहे.) खत खोल चरात पुरायचं, वर सुक्या पानांचा पातेरा घालायचा, आणि विश्रामने खताला हात लावायचा नाही, असं ठरलं. माझ्याविरुद्ध का होईना, चार घरं पहिल्यांदाच एका बाजूला आली. मानकऱ्यांच्या गाऱ्हाण्याचा गुण म्हणायचा.

आणि एक गोष्ट सांगतो, तेवढं पान वहिनींना वाचायला देऊ नकोस. वांग्याची रोपं लावल्यावर मला राहवेना. मातीखाली काय चाललंय ते दिसत नाही, बाबू. समुद्रात निदान दोरी टाकून खोली बघता येते. मूळ धरलंय की नाही ते बघायला मी एक रोप हळूच उपटायचो, बघायचो, आणि परत लावायचो. मग दुसरं. सगळ्यांच्या ओळी टवटवीत आणि माझी ओळ मान टाकून. देवेश म्हणाला खेकडे, प्राजक्ता म्हणाली बुरशी. शेवटी काकीने मला पकडलं. ती ओरडली नाही. माझ्या हातातलं रोप काढून घेऊन तिने परत लावलं, भोवतालची माती अंगठ्याने दाबली, आणि म्हणाली, “विश्राम, तेका वायच एकटा सोड.” मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी मी खाडी समुद्राला मिळते त्या संगमापर्यंत चालत गेलो आणि चालत आलो, आणि तरी पाय थांबले नाहीत.

(परत उठलो होतो. या वेळी फक्त ओटीपर्यंत.)

मग मार्गशीर्षात ते उधाण आलं. समुद्रात कुठेतरी लांब वादळ होतं. इथे पाऊस नाही, वारा नाही, ऊन चांगलं पडलेलं, आणि तरी दर्याचा आवाज बदलला. तो आवाज तुलाही कळला असता. अमावास्येची भरती, दुपारची वेळ. किनाऱ्याकडे जाणारी जी वाट आहे तिथे धूप होऊन वाळूचा उंचवटा खचला आहे, तिथून पाणी आत यायला लागलं. सुरुवातीला जिभेएवढं, मग वाटेएवढं. वाटेच्या टोकाला आमची बाग, आणि बागेला लागून काकीची विहीर. बाग गेली तर पुन्हा पेरता येते. विहिरीत खारं पाणी शिरलं तर वाडीत प्यायला घोटभर राहिलं नसतं.

मी हाक दिली. मोक्याची जागा घेऊन उंचावरून सूत्रं हलवली, त्याचं जास्त वर्णन मी करत नाही, स्वतःबद्दल लिहिणं बरं दिसत नाही. शेवंती फावडं घेऊन आली. काकीने कासोटा घातला आणि पोत्यांत वाळू भरायला बसली. प्राजक्ता बैठकीत होती. “समुद्र आत आलाय, मी निघते,” असं सांगून तिने संगणक मिटला आणि धावली. (ऑफिसातल्या लोकांनी हे कारण पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.) तिला फावडं धरता येत नव्हतं, तिने ओंजळीने वाळू भरली. पोती कमी पडली. देवेशच्या दाराशी वाळूच्या पोत्यांची भिंत होती, त्याने ती पावसाळ्यातच रचून ठेवली होती, खोल्यांत पाणी शिरू नये म्हणून. तो तिच्याकडे बघत उभा राहिला. खोल्यांत नव्या गाद्या होत्या, पाहुणे यायचे होते. मी ते वरून बघत होतो. मग त्याने पहिलं पोतं उचललं. आपल्या दारातली सगळी पोती त्याने विहिरीकडे वाहिली. तीही पुरेनात तेव्हा पर्यटकांच्या त्या लांबुळक्या रंगीत होड्या आणून वाटेत आडव्या टाकल्या आणि त्यांत ओली वाळू भरली. पिवळी, नारिंगी, हिरवी. असा बांध मी उभ्या जन्मात पाहिला नाही, आणि तो टिकला.

पाणी विहिरीच्या कठड्याला लागलं आणि तिथून परतलं. बागेचा अर्धा भाग गेला, मुळा आणि वांगी सगळी. उंचावरची लाल भाजी आणि वाल राहिले. देवेशच्या खालच्या खोल्यांत गुडघ्याएवढं पाणी भरलं आणि गाद्या तरंगल्या. ओहोटी लागल्यावर काकीने जाळी उघडली, स्वतः कळशीभर पाणी ओढलं, ओंजळीत घेतलं आणि तोंडात खळखळवलं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने किती वेळ लावला कोण जाणे. मग तिने ते गिळलं आणि म्हणाली, “गोडा आसा.” कळशी तिने पहिल्यांदा देवेशपुढे धरली. “घे. तुझ्या घरात खारा भरला, हयला गोडा पी.” तो प्यायला. पिता पिता त्याला ठसका लागला आणि तो तोंड फिरवून उभा राहिला. आम्ही सगळ्यांनी ठसकाच समजायचं ठरवलं.

त्याच्या गाद्या काकीच्या अंगणात वाळल्या. पाहुणे आले त्यांना खोल्या ओल्या, म्हणून ते आमच्या आणि काकीच्या पडवीत राहिले आणि पेज, लाल भाजी खाऊन गेले. जाताना त्यांनी वाफ्यांचे फोटो काढले. आता देवेश आपल्या जाहिरातीत ‘विहिरीवर पाणी ओढण्याचा अनुभव’ असं घालणार आहे, आणि काकी म्हणते, ओढू देत, पण माझ्या पाळ्या मोडायच्या नाहीत. प्राजक्ता महिनाभरासाठी आली होती, तिने पुण्याचं घर दुसऱ्या कुणाला दिलं. मासे अजून खात नाही. खत मात्र आता तीच पुरते, नाकाला काही न लावता.

तर बाबू, अशा सगळ्या परिस्थितीत मी टगवर कसा येणार? मला इथे मुळं फुटली आहेत. वांगी पुन्हा लावली आहेत आणि मी त्यांना हात लावत नाही. त्या दिवशी उधाण उतरल्यावर मी बांधावर बसलो आणि माझ्या लक्षात आलं की पाय हलत नाहीत. अंधार पडेपर्यंत हलले नाहीत. हे पत्रसुद्धा एका बैठकीत लिहिलं आहे. (उठलो ते धरायचं नाही.) तू दुसरा कोणीतरी जोडीदार बघ. वहिनींना नमस्कार, गुडघ्यांना तेल लाव.

तुझा, अखेर किनाऱ्याला लागलेला,
विश्राम

ता. क. टग कुठल्या बनावटीचा आहे? झोपायची जागा इंजिनाच्या बाजूला नाही ना? नुसती चौकशी.

ता. क. दुसरं. वांग्यांना हात लावायचा नसेल तर खरं म्हणजे मला इथे कामच राहत नाही. भाजी आपली आपण वाढते, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. तू असं कर, सोमवारी सकाळी मोटारसायकल घेऊन तारकर्लीच्या वळणाशी थांब. वाडीत येऊ नकोस. शेवंतीला मी सांगितलंय की कुडाळला बियाणं आणायला जातो. बॅग घेत नाही, संशय येईल, पिशवीत लुंग्या आणि दाढीचं सामान टाकलंय. वास्कोला पोचल्यावर तिला सावकाश कळवू, तू कळव. उत्तर देवेशच्या फोनवर मुळीच देऊ नकोस. तो हल्ली सगळं काकीला सांगतो, काकी शेवंतीला, आणि प्राजक्ता मधल्या मधे समजावून देते. यांचं एकमेकांशी पटत नव्हतं तेव्हा माणसाला काहीतरी लपवता यायचं.

ता. क. तिसरा. बाबू भावजीनु, मी शेवंती लिवतंय. पाकीट चिकटवक खळ व्हयी म्हणान ह्येंनी पत्र माझ्याकडेच दिल्यानी. लिवलेला बहुतेक खरा आसा. उधाणाच्या दिवशी उंचावर होते ता पण खरा. काकीच्या पडवेच्या कौलार चढान हुकूम सोडी होते, शिडी व्हावान गेली, आणि पाणी ओसारल्यार आमी तेंका खाली उतरवलाव. वांग्यांका हात लावनत नाय ता मात्र खरा नाय. सोमवारी येव नकात. सोमवारची पाणी ओढूची पाळी ह्येंची आसा आणि ती चुकली तर काकी माका बोलतली. मंगळवारी येवा. पिशयेत लोकरीची टोपी इसारलेले, ती मी घातलंय, खोकल्याचा औषध पण घातलंय. हे गेले काय घर वायच मोठा दिसता, पण माका सवय आसा, आणि आता संध्याकाळची चारय जणां हयच बसतत. शिमग्याक परत हाडून सोडा. आणि मी व्हय म्हटलंय ता ह्येंका कळाक देव नकात. परवानगी गावली तर हे जावचे नाय.